वध, हत्या, खून : एका मृत्यूच्या नामकरणाचा नैतिक प्रश्न

१

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांनी नवी दिल्लीतील बिर्ला भवनाच्या आवारात प्रार्थनासभेकडे निघालेल्या महात्मा गांधींवर नथूराम गोडसे याने तीन गोळ्या झाडल्या. या विधानाच्या वस्तुस्थितीविषयी वाद नाही. खुद्द मारेकऱ्याने न्यायालयापुढे ती नाकारलेली नाही. तरीही या घटनेविषयी मराठीत एक साधे वाक्य लिहू पाहणाऱ्याला पहिल्या नामापाशीच थांबावे लागते. गांधींचा वध झाला, हत्या झाली, की खून झाला? तिन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत आणि तिन्ही या घटनेसाठी वापरले गेले आहेत. कोशात ते जवळपास समानार्थी ठरतील. व्यवहारात मात्र त्यांतील एक निवडणे म्हणजे एक भूमिका निवडणे होय.

राष्ट्रीय नेत्याच्या हत्येचे दूरगामी परिणाम इतिहासकार सत्तेच्या मांडणीत, कायद्यांत आणि पक्षांच्या चढउतारांत शोधतात. ते रास्तच आहे. परंतु भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकापुढे निराळा प्रश्न उभा राहतो. या कटातील बहुतेकांची भाषा मराठी होती. ज्या ‘अग्रणी’ व पुढे ‘हिंदुराष्ट्र’ या नियतकालिकातून त्यांचा विचार आकार घेत होता ते पुण्यातून मराठीत निघत होते. हत्येनंतरचा सूड मराठी मुलुखात उसळला आणि हत्येचे समर्थन, निषेध, प्रायश्चित्त हे सारेही प्रामुख्याने मराठीत घडले. तेव्हा या मृत्यूने मराठी भाषेच्या नैतिक जाणिवेत काय बदलले, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नाही. हत्येने माणूस जातो, पण त्याहून दीर्घकाळ टिकणारी हानी म्हणजे संवादातील एक बाजू कायमची नाहीशी होते. त्यानंतरचे प्रत्येक कथन ही उणीव एक तर स्मरणात ठेवते किंवा तिचा लाभ उठवते. या कसोटीवर आपले शब्द आणि आपली काही साहित्यरूपे तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

‘वध’ हा शब्द मराठी मनात पुराणांतून आणि बखरींतून उतरला आहे. कंसवध, कीचकवध, अफझलखानाचा वध ही त्याची परिचित उदाहरणे. यात वध करणारा नायक असतो आणि ज्याचा वध होतो तो त्या शेवटास पात्र, म्हणजे ‘वध्य’ असतो. कृतीच्या समर्थनासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. तो शब्दातच अंतर्भूत असतो. या शब्दाला आधुनिक राजकीय अर्थ आला तोही मराठीतच. जून १८९७ मध्ये शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने ‘केसरी’तून अफझलखानाच्या वधाची गीतेच्या आधारे नैतिक मीमांसा झाली. त्याच महिन्यात पुण्यात चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या आणि ‘केसरी’तील लेखनासाठी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली. लेखन आणि गोळीबार यांत कार्यकारणाची सरळ रेषा ओढणे अन्यायाचे होईल. पण ‘वधा’ची मीमांसा आणि समकालीन राजकारण एकमेकांच्या किती निकट आले होते, हे त्यातून दिसते. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या आणि १९१० मध्ये बंदी घातल्या गेलेल्या खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त प्रेक्षकांनी कर्झन पाहिला, तो याच शब्दाच्या सामर्थ्यामुळे. पुराणातील खलनायकाच्या जागी समकालीन व्यक्ती बसवता येते, हे रूपक मराठी वाचक-प्रेक्षकाच्या अंगवळणी पडले.

‘हत्या’ या शब्दाची सोबत निराळी आहे. ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या, आत्महत्या. येथे मरणाऱ्याच्या पात्रतेचा प्रश्न उद्भवत नाही. मारणाऱ्याला लागणाऱ्या पातकाचा उद्भवतो. हत्येमागे प्रायश्चित्त येते. ‘खून’ हा तिसरा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ रक्त. तो पुराणही जाणत नाही आणि पातकही. तो सांडलेले रक्त आणि लागणारे कलम जाणतो. थोडक्यात, ‘वध’ मेलेल्याविषयी निर्णय देतो, ‘हत्या’ मारणाऱ्याविषयी आणि ‘खून’ घडलेल्या घटनेविषयी.

कायद्याच्या मराठीने यात एक अर्थपूर्ण भर घातली आहे. तेथे ‘खून’ हा एक अपराध आहे आणि ‘सदोष मनुष्यवध’ हा दुसरा. म्हणजे कायद्याने ‘वध’ हा शब्द टाकून दिला नाही. त्याच्यामागे ‘मनुष्य’ हे पद जोडले. पुराणातील वध राक्षसाचा असतो, कायद्यातील वध माणसाचा. या एका पदाने शब्दाचा सारा वीररस ओसरतो. ‘गांधीवध’ या समासात नेमके हेच पद गळालेले आहे.

संस्कृत परंपरेच्या आत राहूनही या समासाला हरकत घेता येते. ‘वध्य’ या कल्पनेला त्या परंपरेतच ‘अवध्य’ ही प्रतिकल्पना आहे. दूत, स्त्री, बालक, शरण आलेला आणि शस्त्र नसलेला यांच्यावर शस्त्र उगारू नये, असा तो दंडक. अफझलखानाच्या भेटीत दोन्ही बाजूंना शस्त्र होते. कीचक अत्याचाराच्या उंबरठ्यावर होता. ३० जानेवारीला समोर होता तो बारा दिवसांपूर्वी उपोषण सोडलेला, दोन मुलींच्या खांद्यांचा आधार घेऊन चालणारा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. त्याला आधी नमस्कार करण्यात आला. महाभारतात याला जवळचे असे काही शोधायचेच तर ते कुरुक्षेत्रावरील द्वंद्वांत सापडणार नाही. सौप्तिक पर्वात, झोपलेल्यांच्या शिबिरात शोधावे लागेल. आणि त्या रात्रीच्या कृत्याला महाभारताने पराक्रम मानलेले नाही.

येथे मराठीच्या आणखी एका वैशिष्ट्याचा उल्लेख आवश्यक आहे. आपल्या भाषेत कोणाविषयीही तटस्थ सर्वनाम वापरता येत नाही. ‘त्याने’ की ‘त्यांनी’, हे ठरवल्याशिवाय मारेकऱ्याविषयी वाक्य पूर्ण होत नाही. एकेरीची गुंतागुंत अशी की ते गुन्हेगारासाठी जसे वापरतात तसेच राम, विठोबा, तुकाराम यांच्यासाठीही. तुच्छता आणि जिव्हाळा दोन्ही त्यात मावतात. परिणामी ‘नथूराम’ हे नुसते नाव एका घरात आरोपीचे असते आणि दुसऱ्या घरात आपल्या माणसाचे. गांधी मात्र बहुधा आडनावाने किंवा पदवीने उरले. एकाला नावाची जवळीक आणि दुसऱ्याला पदवीचे अंतर, ही वाटणी वरवर किरकोळ वाटते. पुढे साहित्यात ती निर्णायक ठरली.

३

लाल किल्ल्यातील खटल्यात ८ नोव्हेंबर १९४८ रोजी गोडसेने आपले निवेदन वाचले. ते ब्याण्णव पानांचे होते आणि वाचनास सुमारे पाच तास लागले. पुढे सिमला येथे पूर्व पंजाब उच्च न्यायालयापुढे त्याने स्वतःची बाजू स्वतःच मांडली. फाशीच्या शिक्षेविरुद्ध नव्हे, तर कट सिद्ध झाल्याच्या निष्कर्षाविरुद्ध. त्या पीठातील एक न्यायमूर्ती जी. डी. खोसला यांनी नंतर नोंदवले आहे की श्रोते विलक्षण हेलावले होते आणि निर्णय त्यांच्या हाती असता तर त्यांनी आरोपीला निर्दोष ठरवले असते. १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशीची अंमलबजावणी झाली. ती होऊ नये म्हणून प्रयत्न करणाऱ्यांत गांधींचे पुत्र मणिलाल आणि रामदास होते.

या निवेदनावर दीर्घकाळ बंदी होती. बंदीने त्याचे काय झाले, हे आपण जाणतो: जे वाचता येत नाही त्याला खरेपणाचे वलय लाभते. गोपाळ गोडसे यांचे ‘गांधीहत्या आणि मी’ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले व जप्त झाले. १९६९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द ठरवली. या शीर्षकात शब्द ‘हत्या’ आहे, ‘वध’ नाही. म्हणजे केवळ शब्दाच्या निवडीवरून भूमिका ओळखू पाहणारा वाचक येथे फसेल. भूमिका आहे ती ‘आणि मी’ या दोन पदांत. घटना एका व्यक्तीच्या मृत्यूची. तिचा अनुभवकेंद्र मात्र दुसरीच व्यक्ती. प्रदीप दळवी यांच्या ‘मी नथूराम गोडसे बोलतोय’ या नाटकाने हेच रूप रंगभूमीवर आणले. जुलै १९९८ मध्ये शासनाने त्याचे प्रयोग थांबवले. न्यायालयीन लढ्यानंतर ते पुन्हा सुरू झाले. शीर्षकातील ‘बोलतोय’ हा अपूर्ण वर्तमानकाळ लक्षणीय आहे. ज्याला फाशी होऊन जवळपास पन्नास वर्षे झाली तो अजून बोलतो आहे. बोलणे संपलेले नाही.

याविरुद्ध असे म्हणता येईल, आणि ते गंभीरपणे घेतले पाहिजे, की गुन्हेगाराच्या अंतरंगात शिरणे हे साहित्याचे जुने आणि मोलाचे काम आहे. मॅकबेथला आपण आतून ओळखतो. रास्कोल्निकोव्हच्या तापलेल्या मेंदूत आपण शेकडो पाने राहतो. त्यांना वाणी दिली म्हणून शेक्सपिअर किंवा दोस्तोयेव्हस्की खुनाचे समर्थक ठरत नाहीत. मग मराठी नाटककारालाच ही मुभा का नसावी?

मुभा असावी, बंदी नसावी, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. परंतु मुभा हा वाङ्मयीन समीक्षेचा शेवट नव्हे, आरंभ आहे. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मध्ये रास्कोल्निकोव्हजवळ एक सिद्धान्त आहे: असामान्य माणसाला समाजहितासाठी एक निरुपयोगी जीव दूर करण्याचा अधिकार असतो. त्या सिद्धान्ताचे खंडन दोस्तोयेव्हस्की प्रतिसिद्धान्ताने करत नाही. तो लिझावेताला दारात आणून उभी करतो. वृद्ध सावकारिणीची ही गरीब बहीण सिद्धान्तात कोठेच नव्हती, पण कुऱ्हाड तिच्यावरही पडते. सिद्धान्त आणि शरीर यांची गाठ घालून देणे हे कादंबरीचे नैतिक कार्य. बाख्तिनने दोस्तोयेव्हस्कीत जी बहुस्वरता पाहिली तिचा मर्मार्थ हाच, की कोणताही स्वर दुसऱ्या स्वराच्या प्रतिकाराशिवाय पूर्ण होत नाही. याउलट ज्या कलाकृतीत मारेकऱ्याचा स्वर आपल्या बळीचा स्वरही स्वतःच पुरवतो, तेथे स्वगत संवादाचे सोंग घेते. मग प्रेक्षक युक्तिवादाची परीक्षा करत नाही. युक्तिवाद करणाऱ्याच्या धैर्यावर लुब्ध होतो.

धैर्याचा हा मुद्दा मराठीत वारंवार निघतो. तो पळाला नाही, मरणास सिद्ध होता, असे म्हटले जाते. पण मरणाची सिद्धता ही सत्याची साक्ष नव्हे. ती केवळ श्रद्धेच्या तीव्रतेची साक्ष आहे. शिवाय येथे जी तुलना सुचवली जाते ती विषम आहे. २० जानेवारीला त्याच आवारात मदनलाल पाहवाने स्फोट घडवल्यानंतरही प्रार्थनेस येणाऱ्यांची झडती घेण्यास गांधींनी नकार दिला होता. तेही मरणास सिद्ध होते. फरक असा की एकाने आपल्या मताची किंमत म्हणून स्वतःचा प्राण पुढे केला. दुसऱ्याने आधी परक्याचा प्राण घेतला आणि मग स्वतःचा देऊ केला. दुसरे दान पहिल्या हरणाची भरपाई करू शकत नाही, कारण ज्याची भरपाई करायची तोच उरलेला नसतो.

याच काळातील दुसऱ्या एका साहित्यकृतीचे प्राक्तन या संदर्भात पाहण्यासारखे आहे. वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही दीर्घ कविता प्रथम १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात ती पुन्हा छापल्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. १४ मे २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे मत दिले की ऐतिहासिक आदरस्थानी असलेल्या व्यक्तीचा आवाज किंवा प्रतिमा वापरताना अश्लीलतेची कसोटी अधिक कठोरपणे लागू होते. निर्णयामागील आदराविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण एकत्रित परिणाम पाहावा: मारेकऱ्याला रंगमंचावर प्रथमपुरुषी वाणी आहे, बळीच्या तोंडी शब्द घालणाऱ्या कवीला मात्र आदराच्या कठोर पहाऱ्यातून जावे लागते. एकाला समर्थनाने बोलके केले, दुसऱ्याला पूजेने मुके केले. कुसुमाग्रजांनी ‘अखेर कमाई’त पुतळ्यांच्या निमित्ताने जी वेदना व्यक्त केली तिचाच हा वेगळा आविष्कार म्हणता येईल.

४

हत्येनंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत आणि अन्यत्रही ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. मुंबईत डॉ. नारायणराव सावरकर जमावाच्या दगडफेकीत गंभीर जखमी झाले आणि १९४९ मध्ये निवर्तले. ज्या घरांना आग लागली त्यांतील माणसांनी कोणताही कट केला नव्हता. कित्येकांनी गांधींच्या मृत्यूचे सुतकही पाळले असेल. या अन्यायाची कबुली देण्यात गांधींशी प्रतारणा होते असे मानण्याचे कारण नाही. उलट जाळणाऱ्यांनी गांधींचे नाव घेऊन मारेकऱ्याचेच तत्त्व आचरले. माणूस हा माणूस नाही, तो कशाचा तरी प्रतिनिधी आहे. आणि प्रतिनिधीला शिक्षा दिली की ज्याचे तो प्रतिनिधित्व करतो त्याला ती पोचते, हे ते तत्त्व. बिर्ला भवनात फाळणीचे प्रतीक मारले गेले, खेड्यांत एका जातीचे प्रतीक जाळले गेले. ‘वध’ या शब्दातून ‘मनुष्य’ गळाल्यावर काय घडते, याची ही दोन रूपे आहेत.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘वावटळ’ या अनुभवाची मराठीतील महत्त्वाची कादंबरी. पुण्याहून आपापल्या गावांकडे निघालेल्या तरुणांच्या प्रवासातून ती हा काळ दाखवते. तिचे बळ तिच्या संयमात आहे. आक्रोश नाही, आरोपपत्रही नाही. पण शीर्षकाकडे समीक्षकाने थांबून पाहायला हवे. वावटळ निसर्गाची असते. तिला कर्ता नसतो. आली, फिरली, गेली. जाळपोळीला हे रूपक दिल्याने शेजाऱ्यावरचा आरोप सौम्य होतो आणि गावात पुन्हा राहण्याची वाट उघडी राहते. हे या रूपकाचे औदार्य. पण कर्ता नसलेल्या संकटात कारणाचाही शोध थांबतो. ही त्याची मर्यादा.

ही मर्यादा एका कादंबरीची नाही, स्मृतीच्या एका घडणीची आहे. अनेक कुटुंबांच्या आठवणीत ‘अठ्ठेचाळीस साल’ म्हणजे प्रथम जळिताचे साल. बिर्ला भवन ही त्याची दूरची पार्श्वभूमी. त्याच वर्षी मुंबई राज्याचा कूळकायदा आला आणि जळिताची व जमीन जाण्याची आठवण एकमेकींत मिसळून गेली. घर गेले, जमीन गेली, गाव सुटले. दुःख खरे होते. परंतु खऱ्या दुःखाचाही एक धोका असतो: ते आपल्याला आत्मपरीक्षणातून मुक्त करते. ज्याला शिक्षा भोगून झाली आहे असे वाटते तो आपल्याला विचारलेला प्रश्न संपला असे धरून चालतो. प्रश्न संपला नव्हता. नोव्हेंबर १९६४ मध्ये पुण्यात सुटून आलेल्या आरोपींच्या स्वागतसमारंभात ग. वि. केतकर यांनी आपल्याला या बेताची आधी कल्पना होती असे सांगितले, तेव्हा देशभर क्षोभ उसळला आणि त्यातूनच पुढे कपूर आयोग नेमला गेला. करणाऱ्याच्या अपराधाबरोबरच जाणणाऱ्याच्या मौनाचाही एक प्रश्न आहे, हे तेव्हा उघड झाले.

कार्ल यास्पर्सने युद्धोत्तर जर्मनीत, १९४६ साली, अपराधाचे फौजदारी, राजकीय, नैतिक आणि आधिभौतिक असे चार स्तर वेगळे केले होते. या भेदाचे महत्त्व असे की पहिल्या स्तरावरील निर्दोषत्व इतर स्तरांवरील प्रश्नांचे उत्तर ठरत नाही. आणि इतर स्तरांवरील दायित्वाचा आधार घेऊन कोणाचे घर जाळता येत नाही. मराठीत हा भेद कोणत्याही ग्रंथाशिवाय एका माणसाने आचरून दाखवला. साने गुरुजींनी हत्येनंतर एकवीस दिवसांचे उपोषण केले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यांचा कटाशी संबंध नव्हता. त्यांनी दोष पत्करला नाही, दायित्व पत्करले. जमावाने दायित्वाला दोष मानून आग लावली. पुष्कळ सुशिक्षितांनी आपण निर्दोष म्हणून दायित्वही झटकले. गुरुजींनी हे दोन्ही मार्ग नाकारले. ‘हत्या’ या शब्दात सुप्त असलेल्या प्रायश्चित्ताला त्यांनी अर्थ दिला. तोही ज्याने केले त्याच्याकडून न मागता, स्वतःपासून सुरू करून.

५

मग हा मृत्यू सांगायचा कसा? ‘गांधीवध’ म्हणू नये असा वटहुकूम काढून हे साधणार नाही. शब्द बंदीने मरत नाहीत. गांधींभोवती पावित्र्याचे कुंपण घालूनही साधणार नाही, कारण पूजाही माणसाला प्रतीकच बनवते आणि प्रतीकावर गोळी झाडणे सोपे असते. लेखनाकडून अपेक्षा एवढीच करता येते, की जो बोलू शकत नाही त्याची जागा त्याने बोलणाऱ्याच्या आवाजाने भरून टाकू नये.

गोडसेच्या निवेदनात आपल्या कृत्याला आधार म्हणून रामाने मारलेल्या रावणाचा, कृष्णाने मारलेल्या कंसाचा आणि अर्जुनाला ज्यांच्याविरुद्ध शस्त्र धरावे लागले त्या पूज्य भीष्मांचा दाखला आहे. यांतील शेवटचा दाखला त्यानेच दिलेला असल्यामुळे तो शेवटपर्यंत वाचणे योग्य ठरेल. भीष्म पडल्यानंतर महाभारत काय करते? पडलेल्याला ते मौनात जाऊ देत नाही. युद्ध संपल्यावर कृष्ण स्वतः युधिष्ठिराला शरशय्येपाशी घेऊन जातो. ज्यांनी पाडले ते त्याच्या पायाशी बसतात, प्रश्न विचारतात, आणि राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म यांचे ते अफाट शांतिपर्व उलगडते. व्यासांच्या लेखी युद्धाचा विजय बाणाने पुरा झाला नाही. ज्याला पाडले त्याचे ऐकून घेणे बाकी होते.

बिर्ला भवनात ही सवड ठेवण्यात आली नाही. मारणाऱ्याला पाच तास मिळाले, मरणाऱ्याला काही क्षण. नंतरच्या पिढ्यांत आपल्या बोलण्याने आणि लिहिण्याने ही विषमता वाढवत न्यायची की कमी करायची, एवढाच निर्णय आपल्या हाती उरला आहे. ‘मी बोलतोय’ असे म्हणणारा आवाज ऐकण्यास हरकत नसावी. पण ऐकून झाल्यावर शरशय्येपाशी कोण बसले होते, हा प्रश्न वाचकाने त्या कलाकृतीला विचारला पाहिजे. त्याचे उत्तर तिच्यापाशी नसेल, तर तिचा शब्द ‘वध’ असो, ‘हत्या’ असो वा ‘खून’, तिने ३० जानेवारीचीच कृती भाषेत पुरी केलेली असते.